गुण्या, चौरस, वर्ग, चौक: एका ‘स्क्वेअर’चं मराठीत काय करायचं?

पत्राचा सारांश: एक भाषांतरकार लिहितात, की आतापर्यंत त्यांनी इंग्रजीतून मराठीत लेख आणि गोष्टी आणल्या, यंदा पहिल्यांदाच घरच्या घरी लाकूडकाम शिकवणारी पुस्तिका हाती आली. तीत ‘स्क्वेअर’ हा शब्द पानोपानी आहे. शाळेपासून शिकलेला अर्थ धरून त्यांनी सगळीकडे ‘चौरस’ लिहिलं. संपादकांनी दोन जागी खूण करून मजकूर परत पाठवला. एका ठिकाणी ‘चौकट चौरस असल्याची खात्री करा’ असं वाक्य होतं आणि शेजारच्या आकृतीतली चौकट चांगली लांबट होती. दुसरीकडे ‘टेन फीट स्क्वेअर’ अशा ओट्याचं ‘१० चौरस फुटांचा ओटा’ झालं होतं. आता प्रत्येक ‘स्क्वेअर’पाशी त्यांचा हात थबकतो. शब्दकोशातले सगळे अर्थ पाठ करावेत, की मराठीतही ‘स्क्वेअर’च ठेवावा, की तांत्रिक कामं घेणंच बंद करावं, असा त्यांना प्रश्न आहे. शिवाय हातातल्या एका कादंबरीत एक वादक ओळखीच्या माणसाला ‘स्क्वेअर’ म्हणतो, तिथे त्यांना काहीच सुचत नाही. ‘माझं इंग्रजीच कच्चं आहे का?’ असं त्या शेवटी विचारतात.

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. नाही, या दोन चुकांवरून तुमचं इंग्रजी कच्चं ठरत नाही. तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र न बोलता धरून चाललेली दिसते: ‘स्क्वेअर’चा खरा अर्थ चौरस, आणि बाकीचे अर्थ त्याला मागाहून चिकटलेले. हे एकदा तपासून पाहू या.

शाळेतली कंपासपेटी आठवा. तिच्यात दोन पारदर्शक तुकडे असतात. एकाचे कोन ३०, ६० आणि ९० अंशांचे, दुसऱ्याचे ४५, ४५ आणि ९० अंशांचे. आपण त्यांना गुण्ये म्हणतो. इंग्रजीत त्यांचं नाव ‘सेट स्क्वेअर’. दोन्ही चक्क त्रिकोणी आहेत, चार बाजू एकालाही नाहीत. तरी ते ‘स्क्वेअर’ आहेत, कारण दोघांतही एक काटकोन आहे आणि तो काटकोन काढण्या-तपासण्यासाठीच ते बनवलेले आहेत.

शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘चार’ या संख्येशी जाऊन भिडतं आणि तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. इंग्रजीत तेराव्या शतकात तो दिसतो तेव्हा त्याचा अर्थ आहे काटकोन तपासायचं हत्यार, म्हणजे आपला सुताराचा किंवा गवंड्याचा गुण्या. समान बाजूंची आकृती हा अर्थ त्यानंतरचा. संख्येचा वर्ग सोळाव्या शतकातला, शहरातली मोकळी जागा सतराव्या शतकातली. म्हणजे इंग्रजीत गुण्या आधी आला आणि चौरस मागून. तुम्ही ज्याला मूळ समजत होता ती एक फांदी आहे.

हे नुसतं माहितीसाठी सांगत नाही; याने कामात फरक पडतो. ‘स्क्वेअर’ दिसला की डोळ्यांपुढे चौकोन न आणता काटकोन आणून पाहा. ‘स्क्वेअर-रिग्ड’ जहाजाची शिडं बहुधा वर अरुंद आणि खाली रुंद असतात, चौरस क्वचितच. पण ज्या आडव्या डोलकाठ्यांना ती बांधतात त्या जहाजाच्या लांबीला काटकोनात असतात. क्रिकेटमधला स्क्वेअर लेग फलंदाजाच्या रेषेत, खेळपट्टीला काटकोनात उभा असतो. फुटबॉलमधला ‘स्क्वेअर पास’ म्हणजे मैदानाच्या लांबीला आडवा, बाजूच्या खेळाडूकडे दिलेला चेंडू. तिन्ही ठिकाणी चौरस शोधायला गेलं तर हाती काहीच लागत नाही.

आता तुमच्या चौकटीकडे येऊ. लाकूडकामाच्या आणि बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांत तीन शब्द बहुतेक वेळा एकत्र येतात: प्लंब, लेव्हल आणि स्क्वेअर. मराठीत यांतल्या प्रत्येकासाठी कारागिरांच्या तोंडचा शब्द आहे. उभं काम ओळंब्यात आहे का, आडवं काम पाणसळीत आहे का, आणि कोपरे गुण्यात आहेत का. तेव्हा ते वाक्य असं होतं: ‘चौकट गुण्यात आहे ना, ते तपासा.’ पुस्तिका अगदी नवख्यांसाठी असेल तर पहिल्यांदा ‘चौकटीचे चारही कोपरे काटकोनात (गुण्यात) आहेत ना, ते तपासा’ असं लिहा आणि पुढे नुसतं ‘गुण्यात’ म्हणा. वाचक तो शब्द तिथेच शिकेल आणि सुताराशी बोलताना त्याला तो उपयोगी पडेल.

भाषांतर करताना ती कृती आपल्याला कळलेली असावी, म्हणून ती इथे थोडी जवळून बघू. चौकट ९०० बाय १२०० मिलिमीटरची आहे असं धरा. कोपरे काटकोनात असतील तर दोन्ही कर्ण बरोबर १५०० मिलिमीटर भरतात. समजा एक १५०६ आणि दुसरा १४९४ भरला. मग चौकट तिरकी झाली आहे. लांब कर्णाच्या दोन टोकांना शिकंजा लावून ती एकमेकांकडे हळूहळू ओढायची. लांब कर्ण जितका कमी होतो साधारण तितकाच आखूड कर्ण वाढतो, म्हणून फरकाच्या निम्म्यावर, म्हणजे ६ मिलिमीटर आत आल्यावर थांबायचं. नवखा माणूस पूर्ण १२ मिलिमीटर ओढतो आणि चौकट उलट्या बाजूला तिरकी करून ठेवतो. पुस्तिकेत ‘स्क्वेअर अप द फ्रेम’ असं आलं असेल तर ते याच कामाबद्दल आहे: ‘चौकट गुण्यात आणा.’

यात आणखी एक खोच आहे, आणि भाषांतरात ती हमखास निसटते. कर्ण सारखे भरले एवढ्यावर चौकट गुण्यात आहे असं म्हणता येत नाही. वरची पट्टी खालच्या पट्टीपेक्षा आखूड असेल आणि दोन्ही बाजू सारख्याच आत झुकलेल्या असतील तरीही कर्ण सारखेच येतात. म्हणून आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का ते मोजायचं आणि मग कर्ण. मूळ मजकुरात हा क्रम असेल तर तो तसाच राहू द्या. वाक्य सुटसुटीत करण्याच्या नादात दोन्ही मापं एका ओळीत कोंबू नका.

‘चेक युअर स्क्वेअर’ असं शीर्षक दिसलं तर तिथे ‘स्क्वेअर’ म्हणजे हत्यारच. गुण्या खरा आहे का हे असं बघतात: सरळ कडेच्या फळीला गुण्याचा दांडा टेकवून पात्यालगत एक बारीक रेघ ओढायची, मग गुण्या उलटा करून, दांडा कडेच्या त्याच जागी टेकवून, त्याच बिंदूतून दुसरी रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या बरोबर. वर जाताना त्या फाकल्या तर गुण्यात दोष आहे, आणि दोष दिसतो त्या फटीच्या निम्मा असतो, कारण उलटवल्यामुळे तो दोनदा मोजला गेला. फळीची कडच वाकडी असेल तर ही चाचणी फसते, एवढं लक्षात ठेवा. हा परिच्छेद तुम्ही ‘तुमचा चौरस तपासा’ असा केला असता तर वाचक लाकडाचा एखादा तुकडा मोजत बसला असता.

याच पुस्तिकेत बहुधा आणखी काही प्रकार भेटतील. ‘स्क्वेअर कट’ म्हणजे कडेला काटकोनात घेतलेला काप, तिरका नव्हे. ‘स्क्वेअर एज’ म्हणजे गोलाई न दिलेली, कोरी कड. ‘टू-इंच स्क्वेअर’ पट्टी म्हणजे जिच्या छेदाची रुंदी आणि जाडी दोन्ही २ इंच आहेत. तिची लांबी कितीही असू शकते. अमेरिकी पुस्तकात छताच्या आच्छादनाचं प्रकरण असेल तर तिथे ‘स्क्वेअर’ हे एकक आहे: १०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर. ‘ट्वेल्व्ह स्क्वेअर्स’चं भाषांतर ‘बारा चौरस’ केलं तर वाचकाला काहीच कळणार नाही. ‘१,२०० चौरस फूट’ असा आकडा थेट लिहा.

आता ओटा. पहिल्या चुकीपेक्षा ही चूक मला जास्त गंभीर वाटते, कारण ती वाचताना खटकत नाही. चौकटीचं वाक्य आकृतीमुळे पकडलं गेलं. १० चौरस फूट हा आकडा मात्र अगदी निमूटपणे छापला गेला असता. ‘टेन फीट स्क्वेअर’ म्हणजे १० फूट लांब आणि १० फूट रुंद, क्षेत्रफळ १०० चौरस फूट. ‘टेन स्क्वेअर फीट’ म्हणजे एकूण क्षेत्रफळच १० चौरस फूट, आकार काहीही असो. शब्द तेच, क्रम तेवढा फिरला, आणि वाचकाने आणलेल्या फळ्या गरजेच्या दहाव्या हिश्शाएवढ्याच निघाल्या. ३ फूट असेल तर ९ आणि ३ चा फरक, १२ असेल तर १४४ आणि १२ चा. फक्त १ या आकड्याला दोन्ही उत्तरं सारखी येतात. म्हणून पुस्तकात पहिलं उदाहरण एक फुटाचं असलं की चूक तिथे लपून राहते आणि पुढच्या पानावर बाहेर पडते.

माझा सल्ला इथे अगदी ठाम आहे. लांबीच्या एककानंतर ‘स्क्वेअर’ आला तर मराठीत ‘चौरस’ शब्द वापरूच नका. ‘१० फूट × १० फूट’ किंवा ‘१० फूट लांब, १० फूट रुंद’ असं लिहा. ‘दहा फुटी चौरस’ हेही चुकीचं नाही, पण घाईत वाचणारा त्याचं ‘दहा चौरस फूट’ करून टाकतो. एककाच्या आधी ‘स्क्वेअर’ आला तर ‘चौरस फूट’, ‘चौरस मीटर’ असं निर्धास्त लिहा.

आकड्यांचा आणि घातांकांचा प्रांत आला की चौरस बाजूला होतो आणि वर्ग येतो: पाचाचा वर्ग पंचवीस, वर्गमूळ, वर्गसमीकरण. त्वरणाच्या एककात सेकंदाचा वर्ग असतो. तिथे ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ म्हणायचं, ‘चौरस सेकंद’ नाही, कारण सेकंदाला लांबी-रुंदी नसते. जादूच्या चौरसात, म्हणजे १ ते ९ आकडे मांडून प्रत्येक ओळीची बेरीज १५ आणणाऱ्या कोड्यात, चौरसच हवा, कारण तिथे खरोखरच आकृतीबद्दल बोलणं चाललं आहे. वर्तुळाचा चौरस करण्याचा जुना भूमितीचा प्रश्नही तसाच. फक्त कंपास आणि पट्टी वापरून वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढता येणार नाही, हे जर्मन गणितज्ञ लिंडेमान यांच्या १८८२ मधल्या सिद्धतेने पक्कं झालं. पण वर्तमानपत्री इंग्रजीत कुणी ‘स्क्वेअरिंग द सर्कल’ करू पाहत असेल तर तो दोन न जुळणाऱ्या गोष्टींचा मेळ घालू पाहतो आहे. तिथे भूमिती आणायचं काम नाही.

इथे आपल्या बाजूचीही एक गंमत पाहा. मराठी ‘वर्ग’ म्हणजे शाळेचा वर्ग, समाजातला वर्ग, संख्येचा वर्ग, आणि रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग करणं. आपण हे सगळं रोज वापरतो आणि कुठेही अडखळत नाही. ‘रक्कम वर्ग करा’ हे वाचून कुणी रकमेला त्याच रकमेने गुणत नाही, कारण ‘रक्कम’ आणि ‘करा’ या शब्दांनी अर्थ आधीच ठरवलेला असतो. इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात ‘स्क्वेअर’चं नेमकं असंच होतं. म्हणून अर्थांची यादी पाठ करण्याचा पर्याय मी सोडून द्यायला सांगेन. पाठ केलेले अर्थ वाक्यासमोर एकदम गर्दी करतात आणि निवडायचं कसं हा प्रश्न तसाच उरतो.

त्यापेक्षा शेजारचे शब्द बघायची सवय लावा. आधी लांबीचं एकक आहे, की नंतर? ‘मेक’, ‘चेक’, ‘कट’ अशा क्रियापदापाशी आहे? मग गुण्या किंवा काटकोन. पुढे ‘रूट’ आहे, की ‘ऑफ’ आणि त्यापुढे संख्या? मग वर्ग. विशेषनामात आहे? मग बहुधा जागेचं नाव. ते जसंच्या तसं ठेवा, ट्रॅफल्गार स्क्वेअर, टाइम्स स्क्वेअर. सामान्यनाम म्हणून आला तर चौक. न्यूयॉर्कचा टाइम्स स्क्वेअर तर चौरसही नाही; दोन रस्ते तिरके कापले जाऊन त्याचे दोन त्रिकोणी तुकडे झालेले आहेत. बुद्धिबळाच्या पटावर ‘स्क्वेअर’ म्हणजे घर. पटावर ६४ घरं असतात, आणि मराठीत कुणी घोडा अमुक चौरसावर नेला असं म्हणत नाही.

वाक्प्रचारांत शिरलं की काटकोनातून पुढे ‘नीट’, ‘सरळ’, ‘जुळलेलं’, ‘फिटलेलं’ असे अर्थ फुटतात. गुण्यात असलेलं काम म्हणजे खोट नसलेलं काम, हे एकदा पटलं की यांतले बरेच वाक्प्रचार आपोआप उलगडतात. दोघांनी देणं-घेणं ‘स्क्वेअर’ केलं म्हणजे हिशेब चुकता केला. ‘फेअर अँड स्क्वेअर’ म्हणजे निखळपणे, कुठलीही लबाडी न करता. एखादी हकिकत पुराव्याशी ‘स्क्वेअर’ होत नाही म्हणजे तिचा पुराव्याशी मेळ बसत नाही. सामन्यात दोघे ‘ऑल स्क्वेअर’ म्हणजे बरोबरीत. दोष ‘स्क्वेअरली’ एखाद्यावर टाकला म्हणजे थेट त्याच्यावर टाकला. सगळं करून पुन्हा ‘स्क्वेअर वन’वर आलो, यासाठी तर आपल्याकडे तयारच आहे: पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. गंभीर मजकुरात ते शोभणार नसेल तर ‘मूळपदावर आलो’.

एका जागी मात्र फार सांभाळा. ‘स्क्वेअर मील’ दिसलं की मराठी मन धावत ‘चौरस आहारा’कडे जातं. दोन्हींत आकाराचाच शब्द, मोह होणारच. पण चौरस आहार म्हणजे सगळे अन्नघटक योग्य प्रमाणात असलेला आहार, आणि ‘स्क्वेअर मील’ म्हणजे पोटभर, धड जेवण. ‘दिवसातून एकदा तरी स्क्वेअर मील मिळावं’ असं म्हणणाऱ्या उपाशी माणसाच्या तोंडी जीवनसत्त्वं घालू नका. ‘निदान एक वेळ तरी पोटभर मिळावं’, बस्स. जहाजावरच्या चौकोनी लाकडी थाळ्यांवरून हा प्रयोग आला अशी एक गोष्ट सांगितली जाते. ती ऐकायला छान आहे, पण तळटीप म्हणून छापू नका. ‘धड’, ‘पुरेसं’ हा अर्थ त्या शब्दात आधीपासूनच होता.

मराठीतही ‘स्क्वेअर’च ठेवण्याचा तुमचा पर्याय मी सरसकट नाकारणार नाही. स्क्वेअर लेग, स्क्वेअर कट हे क्रिकेटचे शब्द मराठीत रुळलेले आहेत. त्यांना काटकोनी पाय फोडायची काही गरज नाही. बोलताना ‘स्क्वेअर फूट’ही सर्रास चालतं. पण सूचना देणाऱ्या पुस्तिकेत तो तसाच ठेवला तर निर्णयाचा भार तुम्ही वाचकावर ढकलता. ‘दहा फूट स्क्वेअर’ असं देवनागरीत लिहून मूळची संदिग्धता जशीच्या तशी पुढे गेली, आणि वाचकाकडे तर मूळ वाक्यही नाही. तांत्रिक कामं सोडण्याबद्दल म्हणाल, तर दोन खुणा हे त्याला कारण होऊ शकत नाही. आकृती आणि वाक्य जुळत नाही हे पाहणारा संपादक तुम्हाला मिळाला आहे, ही चांगली गोष्ट आहे.

हातातली पुस्तिका दुरुस्त करायची ती अशी. मूळ इंग्रजी फाइलमध्ये ‘स्क्वेअर’ची सगळी रूपं शोधा, मराठीत ‘चौरस’ शोधू नका. जिथे तुम्ही वाक्य फिरवून लिहिलं असेल तिथे मराठी शोध काही दाखवणार नाही. सापडलेली प्रत्येक जागा संपूर्ण वाक्यासकट एका तक्त्यात घ्या आणि समोर एकच शब्द लिहा: कोन, हत्यार, माप, संख्या, आकृती किंवा इतर. सगळी वर्गवारी संपेपर्यंत भाषांतराला हात लावू नका, नाहीतर पहिल्या दहा वाक्यांची लय पुढच्या सगळ्यांवर चढते. मग ‘माप’वाल्या जागा आधी दुरुस्त करा, कारण तिथे वाचकाचं सामान वाया जातं. प्रत्येक माप पुस्तिकेतल्या साहित्याच्या यादीशी ताडून बघा. १० फूट × १० फूट ओट्याला यादीतल्या फळ्या पुरतात का, हा गुणाकार दोन मिनिटांचा आहे आणि शब्दकोशापेक्षा भरवशाचा. त्यानंतर कोन आणि हत्यार. ‘आकृती’वाल्या जागी तुमचा ‘चौरस’ बरोबरच निघेल, आणि अशा जागा कमी नसतील. सगळीकडे एकदम बदल करणारी आज्ञा कधीही देऊ नका. भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर शब्दसंग्रहात एकटा ‘स्क्वेअर’ नोंदवू नका. ‘चेक फॉर स्क्वेअर’, ‘फीट स्क्वेअर’, ‘स्क्वेअर फीट’ अशा जोड्या नोंदवा. हा तक्ता संपादकांनाही पाठवा. ‘टेबल’, ‘राउंड’, ‘लाइन’, ‘प्लेट’ हे शब्दही असेच आहेत, आणि लाकूडकामात ते येतातच.

आता कादंबरीतला वादक. ‘स्क्वेअर’ची ही छटा १९४० च्या दशकातल्या अमेरिकी जॅझ वादकांच्या बोलीतून पसरली: ज्याला नवं संगीत, नवी चाल कळत नाही, जो आखून दिलेल्या चौकटीबाहेर जात नाही, असा माणूस. कोशात ‘जुनाट’, ‘पुराणमतवादी’ सापडेल. पहिल्यात फार तुच्छता आहे, दुसऱ्यात फार विद्वत्ता. रात्री दोन वाजता वाद्य आवरत बसलेला माणूस ‘पुराणमतवादी’ म्हणणार नाही. तुम्ही प्रसंग पुरता सांगितलेला नाही, पण बोलण्यात थोडी कीव आणि थोडा जिव्हाळा असेल तर ‘बाळबोध’ वापरून पाहा. ‘सोड रे, तो अगदी बाळबोध वळणाचा आहे.’ धावत्या मोडीच्या शेजारी एकेक अक्षर सुटं, ठाशीव लिहिणारी ती बाळबोध लिपी. काटकोनातल्या माणसाला तोच शब्द लागू पडतो. बोलणारा चिडलेला असेल तर ‘अगदीच पाठ्यपुस्तकी आहे तो’ असं म्हणा. दोन्ही वाक्यं वादकाच्या मागच्या-पुढच्या संवादासकट मोठ्याने वाचा आणि तोंडात बसेल ते ठेवा.